पेऱ्याचा आकडा आणि वाफशाचा प्रश्न

बंगळूर : खरीप हंगामात दर आठवड्याला बंगळूरच्या राज्य कृषी खात्याकडे जिल्ह्याजिल्ह्यांतून पेऱ्याचे आकडे येतात. पीक, पेरणीचे उद्दिष्ट, प्रत्यक्ष पेरा आणि उद्दिष्टाशी त्याचे शेकडा प्रमाण असे या तक्त्याचे रकाने असतात. श्रावण संपेपर्यंत शेवटच्या रकान्यातील आकडा नव्वदच्या पुढे गेला की हंगाम चांगला असल्याची बातमी वृत्तपत्रांतून झळकते, मंत्र्यांच्या भाषणांत तो आकडा येतो आणि व्यापारी त्यावरून पुढील भावाचे आडाखे बांधू लागतात.

२०२५ च्या खरिपात हेच घडले. नैर्ऋत्य मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात पोहोचला. इतक्या लवकर तो २००९ नंतर प्रथमच आला होता. मे महिन्यातच जमीन भिजल्यामुळे कर्नाटकात पेरण्यांनी वेग घेतला, आणि सुमारे ८२ लाख हेक्टरांच्या उद्दिष्टाचा बहुतेक भाग ऑगस्टपर्यंत पेरून झाला. कागदावर हंगाम भरभराटीचा होता. पुढे ऑगस्टच्या अतिवृष्टीने मूग आणि उडीद काळे पडले. सप्टेंबरच्या अखेरीस भीमेला पूर येऊन कलबुर्गी, यादगीर, बिदर आणि विजयपूर या जिल्ह्यांतील शेते पाण्याखाली गेली. ३० सप्टेंबर २०२५ रोजी मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी विमानातून पाहणी केली, तेव्हा राज्यातील बाधित पिकांचे क्षेत्र प्राथमिक अंदाजानुसार ९ लाख हेक्टरांहून अधिक भरत होते.

पेऱ्याचा तक्ता खोटा नव्हता. जेवढे पेरले गेले तेवढेच त्याने सांगितले. परंतु पेरणे आणि पिकणे यांच्यामधील तीन-चार महिन्यांत शेताची अवस्था काय होते, हे सांगणारा रकाना त्यात नाही. आणि नुकसान झाल्यानंतर जे माप वापरले जाते, त्यात चिखलात उभे राहून राबणाऱ्या माणसांपैकी निम्म्याहून अधिक माणसे धरलीच जात नाहीत. या दोन उणिवा एकाच मुळातून आलेल्या आहेत, आणि किसान व शेतमजूर चळवळीने त्यांचा एकत्र विचार करण्याची वेळ आली आहे.

वाफसा म्हणजे काय, आणि तो का मोजला जात नाही

मराठी शेतकऱ्याजवळ यासाठी नेमका शब्द आहे : वाफसा. जमिनीत ओल आहे, पण मातीच्या कणांमधील पोकळ्यांत हवाही आहे, औत चालते, पाय रुतत नाही, मुळे श्वास घेतात, अशी ती अवस्था. पाऊस किती मिलिमीटर पडला यावरून पीक ठरत नाही. पावसानंतर जमिनीला वाफसा किती दिवसांनी आला, यावर ते ठरते.

काळ्या जमिनीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. काळी माती पाणी धरून ठेवते. उन्हाळ्याकडे झुकणाऱ्या दिवसांत तो तिचा गुण असतो, पण संततधार पावसात तोच तिचा दोष ठरतो. पाणी साचले की मुळांभोवतीची हवा निघून जाते. तूर, मूग, सोयाबीन या पिकांच्या मुळांवरील गाठींत हवेतील नत्र बांधणारे जिवाणू राहतात. प्राणवायूवाचून त्यांचे काम मंदावते आणि चार-सहा दिवसांत पाने पिवळी पडतात. त्याच वेळी जमिनीतील नत्राचा काही भाग पाण्याबरोबर खाली झिरपतो, काही वायुरूपाने उडून जातो. शेतात पाय ठेवता येत नसल्यामुळे कोळपणी आणि खुरपणी थांबते व तण पिकाच्या वर जाते. ओलाव्याला सोकावलेली बुरशी मुळाशी आणि खोडाशी शिरते. तुरीवर मर आणि खोडाचा करपा येतो. सोयाबीन शेंगा भरण्याच्या वेळी भिजत राहिले तर शेंगेतच दाण्याला कोंब फुटतो. मूग साठ-सत्तर दिवसांचे पीक आहे. मृगावर पेरलेला मूग ऑगस्टच्या मध्यावर तोडणीला येतो, आणि नेमका त्याच वेळी पाऊस लागला तर शेंगा झाडावरच काळ्या पडतात.

बंगळूरच्या आसपासचा लाल मातीचा पट्टा याहून वेगळा आहे. कोलार, तुमकूर आणि ग्रामीण बंगळूर या भागांत नाचणी हे मुख्य पीक आहे. ती जुलै-ऑगस्टमध्ये पेरली जाते आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कापली जाते. लाल मातीतून पाण्याचा निचरा लवकर होतो, म्हणून ऑगस्टचा जोरदार पाऊस नाचणी बऱ्याच अंशी सोसते. कणसे बाहेर पडल्यावर आलेला पाऊस मात्र तिला आडवी करतो व करपा आणतो. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने करप्याला दाद न देणारे जी.पी.यू. २८ सारखे वाण दिले, त्यामुळे या पट्ट्यातील लहान शेतकऱ्याला आधार मिळाला. तात्पर्य, एकच पाऊस कोलारच्या नाचणीला पोसतो आणि कलबुर्गीच्या तुरीला मारतो. राज्याच्या सरासरीचा एकच आकडा ही वस्तुस्थिती झाकून टाकतो.

ही माहिती मिळवणे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. बंगळूरच्या येलहंका भागात कर्नाटक राज्य नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्र आहे. १९८८ मध्ये दुष्काळ निरीक्षण कक्ष म्हणून त्याची सुरुवात झाली. आज राज्यभर बसवलेली सहा हजारांहून अधिक स्वयंचलित पर्जन्यमापके दर पंधरा मिनिटांनी ग्रामपंचायतनिहाय नोंद पाठवतात. कोणत्या गावात सलग किती दिवस किती पाऊस पडला, हे येलहंक्यात त्याच दिवशी कळते. माती कोणती आणि पीक किती दिवसांचे आहे, याचीही माहिती सरकारजवळ असते. या तिन्ही गोष्टी जोडल्या तर कोणत्या पंचायतीत वाफसा हरवला आहे हे पंचनाम्याच्या कितीतरी आधी सांगता येईल. यंत्र आहे, ज्ञान आहे. त्यावरून सरकारला पैसा सोडावा लागेल असा नियम मात्र नाही.

युरियाच्या रांगा

जमिनीतून नत्र वाहून गेले की शेतकरी युरिया मागतो. यात त्याची उधळपट्टी नाही. पिवळे पडलेले पीक वाचवण्याचा त्याच्या हातातील तो सर्वांत स्वस्त मार्ग असतो. ४५ किलोच्या गोणीची ठरलेली किंमत २६६ रुपये ५० पैसे आहे. २०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये कर्नाटकात आणि देशाच्या इतरही भागांत शेतकरी सहकारी संस्थांच्या दारांत पहाटेपासून रांगा लावून उभे होते. कबूल केलेला पुरवठा केंद्राकडून झाला नाही, असे राज्य सरकारने सांगितले. राज्यात साठेबाजी चालली आहे, असे केंद्राच्या बाजूने सांगण्यात आले. युरियाच्या बाबतीत भारत आजही काही अंशी आयातीवर अवलंबून आहे, आणि चीनने निर्यातीवर घातलेल्या निर्बंधांची झळ त्या हंगामात येथील शेतापर्यंत पोहोचली.

या वादात एक साधी गोष्ट बाजूला पडली. लवकर आलेल्या पावसामुळे पेरा वाढला होता आणि जास्त पावसामुळे नत्र वाहून गेले होते, म्हणजे मागणी दोन्ही कारणांनी वाढणार हे जूनमध्येच दिसत होते. पेऱ्याचा चढता आकडा अभिमानाने मिरवणाऱ्यांनी त्याच आकड्यावरून खताचा हिशेब केला नाही. ज्याच्याजवळ रोख पैसा आणि वाहन होते, त्याने जिल्ह्याबाहेरून गोणी आणली. ज्याच्याजवळ दोन एकर होते, तो रांगेत उभा राहिला आणि त्या दिवसाची मजुरीही गमावून बसला.

नुकसानीचे माप कोणासाठी तयार झाले

महाराष्ट्रातील वाचकांना आणेवारी हा शब्द परिचित आहे. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक, आणि त्याच्या मानाने किती आणे पिकले यावरून सारा तहकूब करायचा की माफ करायचा, हे ब्रिटिश सरकार ठरवीत असे. १९१८ चा खेडा सत्याग्रह याच मापावरून पेटला. पीक चार आण्यांहून कमी असेल तर त्या वर्षाचा सारा तहकूब करावा असा नियमच होता. पीक त्याहून अधिक आहे असे कलेक्टर म्हणत होता, कमी आहे असे शेतकरी म्हणत होते. मापाचा हेतू सरळ होता : तिजोरीत सारा येऊ शकतो की नाही हे पाहणे. शेतकरी जगेल की नाही, हा त्याचा विषयच नव्हता.

स्वातंत्र्यानंतर सारा नाममात्र झाला, आण्यांचे पैसे झाले, आणेवारीला पैसेवारी म्हणू लागले. तरी त्या मापाचा स्वभाव टिकून आहे. राष्ट्रीय व राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांनुसार पिकाचे नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून अधिक असेल तरच मदत मिळते. कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,००० रुपये, बहुवार्षिक पिकाला २२,५०० रुपये असा दर आहे, आणि तोही दोन हेक्टरांपर्यंतच. २०१५ पूर्वी ही अट ५० टक्क्यांची होती. ती खाली आली ही चांगलीच गोष्ट झाली. तरी ३० टक्के पीक गमावलेला शेतकरी आजही सरकारच्या हिशेबी नुकसानग्रस्त नाही.

८,५०० रुपये म्हणजे किती, याचा हिशेब तुरीच्या भाषेत करून पाहावा. २०२५-२६ चा तुरीचा हमीभाव क्विंटलला ८,००० रुपये होता. म्हणजे अडीच एकरांची तूर कुजून गेली तर सरकार एका क्विंटलाहून थोडी अधिक तूर देते. कर्नाटक सरकारने ३० सप्टेंबरला स्वतःच्या तिजोरीतून हेक्टरी ८,५०० रुपयांची भर घातली आणि कोरडवाहूसाठी ही रक्कम १७,००० रुपयांवर नेली. महाराष्ट्र सरकारने ७ ऑक्टोबर २०२५ रोजी ३१,६२८ कोटी रुपयांची योजना जाहीर करून कोरडवाहूसाठी हेक्टरी १८,५०० रुपये देऊ केले. सोयाबीनच्या ५,३२८ रुपये हमीभावाने पाहिले तर ही रक्कम साडेतीन क्विंटलांची होते. दोन्ही राज्यांना केंद्राच्या दरावर एवढी भर घालावी लागली, यातच केंद्राच्या दराचे अपुरेपण सिद्ध होते.

शिवाय मदत केव्हा मिळते, हाही प्रश्न आहे. २०२३ च्या खरिपात पाऊस पडला नाही तेव्हा कर्नाटकाने २२३ तालुके दुष्काळग्रस्त जाहीर केले आणि केंद्राकडे १८ हजार कोटी रुपयांहून अधिक रकमेची मागणी केली. महिने उलटले. मार्च २०२४ मध्ये राज्याला सर्वोच्च न्यायालयात जावे लागले, आणि एप्रिल २०२४ मध्ये सुमारे साडेतीन हजार कोटी रुपये आले. तोवर एक हंगाम उलटून गेला होता आणि सावकाराचे व्याज चढले होते. कोरडा दुष्काळ असो की ओला, दिल्ली आणि राज्याच्या राजधानीमधील पत्रव्यवहाराचा वेग तोच राहतो.

पीकविमा ही पोकळी भरून काढील असे २०१६ मध्ये सांगितले गेले. प्रधानमंत्री पीकविमा योजनेत खरिपासाठी शेतकरी दोन टक्के हप्ता भरतो. भरपाई ठरते ती मुख्यतः पीक कापणी प्रयोगांवरून, आणि प्रमुख पिकांसाठी हिशेबाचा घटक असतो ग्रामपंचायत. गेल्या सात वर्षांपैकी चांगल्या पाच वर्षांची सरासरी घेऊन उंबरठा उत्पादन काढतात. आता ओढ्याकाठच्या चिबड जमिनीतील पीक कुजले आणि माळावरचे वाचले, तर पंचायतीची सरासरी उंबरठ्याच्या वर राहते आणि ओढ्याकाठचा शेतकरी रिकाम्या हाताने परततो. या अडचणीसाठीच स्थानिक आपत्तीची वेगळी तरतूद होती. नुकसान झाल्यापासून ७२ तासांत कळवले तर शेतनिहाय पाहणी होत असे. महाराष्ट्रात २०२५ च्या खरिपात ही आणि हंगामाच्या मध्यावरील संकटाची तरतूद योजनेतून वगळण्यात आली. त्याच खरिपात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. ज्या वर्षी छत्रीची गरज पडली त्याच वर्षी ती काढून घेतली गेली.

पहाणीपत्रकाबाहेरचा शेतकरी

मदत असो वा विमा, दोन्ही जमिनीच्या कागदाला बांधलेली आहेत. महाराष्ट्रात तो सातबारा, कर्नाटकात पहाणीपत्रक. येथे कर्नाटकाचा इतिहास लक्षात घ्यावा लागतो. १९५१ च्या कागोडू सत्याग्रहापासून कुळांनी आणि किसान चळवळीने दिलेल्या लढ्यांच्या पार्श्वभूमीवर देवराज अर्स यांच्या कारकिर्दीत १९७४ मध्ये भूसुधारणा कायद्यात मूलगामी दुरुस्ती झाली. कुळवहिवाट संपुष्टात आली आणि भू-न्यायाधिकरणांमार्फत लाखो कुळे जमिनीची मालक झाली. देशातील बिगर-डाव्या सरकारांनी केलेल्या भूसुधारणांत तिचे स्थान मोठे आहे, हे नाकारण्याचे कारण नाही.

परंतु गेल्या पन्नास वर्षांत वस्तुस्थिती बदलली. मालक शहरात नोकरीला गेला, कोणी कंत्राटदार झाला, कोणी दुसऱ्या गावी स्थायिक झाला. जमीन मात्र पडीक राहिली नाही. भूमिहीन किंवा एक-दीड एकरवाला शेजारी ती खंडाने किंवा बटाईने करतो. जमीन भाड्याने देण्यास कायद्याने बंदी असल्यामुळे हा सारा व्यवहार तोंडी होतो. बियाणे, खत, मजुरी याच माणसाने घातलेली असते, खंडाची रक्कम बहुधा हंगामाच्या आरंभीच मालकाला दिलेली असते. अतिवृष्टीने पीक गेले की पंचनामा पहाणीपत्रकावरील नावाने होतो आणि मदत मालकाच्या बँक खात्यात जमा होते. मालकाला खंडही मिळतो, भरपाईही मिळते. कसणाऱ्याच्या वाट्याला फक्त कर्ज येते, तेही खासगी सावकाराचे, कारण बँकेलाही तोच कागद हवा असतो.

आंध्र प्रदेशाने २०१९ मध्ये पीक कसणाऱ्यांच्या हक्कांचा कायदा करून अकरा महिन्यांसाठी कार्ड देण्याची सोय केली. मालकीहक्काला धक्का न लावता कसणाऱ्याला कर्ज, विमा आणि नुकसानभरपाई मिळावी, हा त्याचा उद्देश होता. त्यात मालकाच्या संमतीची अट ठेवली गेली आणि तेथेच त्याचे बळ कमी झाले. आपले नाव कागदावर आले तर जमीन जाईल ही भीती मालकाला, आणि कागद मागितला तर पुढल्या वर्षी जमीन मिळणार नाही ही भीती कसणाऱ्याला. ही कोंडी मालकाच्या सहीने सुटणारी नाही. कोणत्या शेतात कोण राबतो हे साऱ्या गावाला माहीत असते. तेव्हा ग्रामसभेच्या साक्षीने हंगामापुरती नोंद करणे हाच व्यवहार्य मार्ग आहे.

कर्नाटक सरकारने २०२० मध्ये मात्र उलट दिशा धरली. बिगरशेतकऱ्यांनी आणि मोठ्या उत्पन्नाच्या व्यक्तींनी शेतजमीन खरेदी करण्यावरील निर्बंध दुरुस्तीद्वारे काढून टाकण्यात आले. बंगळूरच्या परिघात याचा अर्थ काय होतो हे सांगावे लागत नाही. तेथे जमिनीची किंमत नाचणीने ठरत नाही, विमानतळाच्या अंतरावरून ठरते. देवनहळ्ळी तालुक्यातील चन्नरायपट्टण होबळीतील १,७७७ एकर जमीन संपादित करण्याचा डाव तेथील शेतकऱ्यांनी एक हजारांहून अधिक दिवस धरणे धरून हाणून पाडला, आणि १५ जुलै २०२५ रोजी सरकारला माघार घ्यावी लागली. या विजयाचे मोल मोठे आहे. तथापि पावसाने खचलेला आणि कर्जात रुतलेला शेतकरी जमीन विकायला आपण होऊन तयार होतो, त्यासाठी संपादनाची अधिसूचनाही काढावी लागत नाही. आज मदत नाकारणे म्हणजे उद्याच्या जमीन-खरेदीदाराची वाट सोपी करणे होय.

शेतमजुराचा बुडालेला दिवस

आता सर्वांत मोठ्या संख्येकडे यावे लागते. २०११ च्या जनगणनेनुसार देशात स्वतःची जमीन कसणारे ११ कोटी ८८ लाख होते, तर शेतमजूर १४ कोटी ४३ लाख होते. नुकसानीच्या कोणत्याही पंचनाम्यात या १४ कोटींसाठी रकाना नाही.

श्रावणातील सततच्या पावसात शेतमजूर स्त्रीचे काय होते ते पाहावे. जुलै-ऑगस्ट हा खुरपणीचा हंगाम आणि खुरपणी हे प्रामुख्याने स्त्रियांचे काम. वाफसा नसला की खुरपणी नाही, म्हणून मजुरी नाही. पाऊस उघडतो तेव्हा तण एवढे वाढलेले असते की शेतकरी तणनाशक फवारून मोकळा होतो, म्हणजे तो रोजगार कायमचाच गेला. मूग काळा पडला की तोडणी गेली. सोयाबीन कुजले की काढणी आणि मळणी गेली. तूर उधळली की जानेवारीतील कापणीही गेली. मालकाचे नुकसान एकदा मोजले जाते, अपुरे का होईना. मजुराचे नुकसान चार हप्त्यांत होते आणि एकदाही मोजले जात नाही. त्यातच पावसाने मातीची भिंत कोसळली तर घराच्या पंचनाम्यासाठी आणखी दोन दिवस तलाठ्याच्या मागे फिरण्यात जातात.

या काळात आधार होता तो ग्रामीण रोजगार हमीचा. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने महात्मा गांधी रोजगार हमीच्या जागी नवा कायदा संमत केला. त्यात १०० ऐवजी १२५ दिवसांचे आश्वासन आहे. पण त्याचबरोबर पेरणी-कापणीच्या भराच्या काळात वर्षातून एकूण ६० दिवस कामे बंद ठेवण्याची तरतूदही आहे, आणि मजुरीचा पूर्वी केंद्राने उचललेला भार बहुतेक राज्यांवर ४० टक्क्यांपर्यंत टाकला आहे. या बंदीचे समर्थन असे केले जाते की हंगामात शेतकऱ्याला मजूर मिळावेत. ज्या हंगामात पावसाने शेतीचे कामच बंद पाडले असेल, त्या हंगामात हे साठ दिवस मजुराने काय करावे, याचे उत्तर कायद्यात नाही. शेतात काम नाही आणि योजनेचेही काम नाही अशा दुहेरी बंदीत सापडलेला मजूर पडेल त्या दराने राबायला तयार होईल. धनिक शेतकऱ्याला आणि कंत्राटदाराला याचा लाभ होतो. गरीब शेतकऱ्याला होत नाही, कारण तो स्वतःही हंगामाबाहेर मजुरीवर जगतो.

याचा परिणाम बंगळूरच्या रस्त्यांवर दिसतो. या शहरातील इमारती, भुयारी मार्ग आणि वसाहती उभारणाऱ्या बांधकाम मजुरांत कलबुर्गी, यादगीर आणि रायचूर जिल्ह्यांतून आलेल्यांचा मोठा भरणा आहे. पत्र्यांच्या वसाहतींत राहणारी ही माणसे गावी शेतमजूर किंवा दीड-दोन एकरांचे धनी असतात. भीमाकाठी तूर बुडाली की महिन्या-दोन महिन्यांत बंगळूरच्या मजूर अड्ड्यांवर गर्दी वाढते आणि मजुरीचा दर दबतो. म्हणून शेतातील वाफसा हा शहरातील कामगार संघटनांचाही प्रश्न आहे.

दुसरा मार्ग शक्य आहे हे केरळने दाखवले. तेथे १९७४ मध्येच शेतमजुरांसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि १९८० मध्ये डाव्या सरकारने शेतमजुरांचे निवृत्तिवेतन सुरू केले. शेतमजूर हा शेतीव्यवस्थेचा घटक आहे आणि शेतीच्या संकटात त्याचाही हक्क आहे, हे तत्त्व तेथे मान्य झाले. ते इतरत्र पोहोचवण्याचे काम उरले आहे.

आक्षेप आणि उत्तर

अतिवृष्टी हा निसर्गाचा कोप आहे, सरकार काय करणार, असे म्हटले जाते. पाऊस सरकारने पाडला नाही हे खरे. पण पाणी शेतात किती दिवस साचून राहावे, हे बऱ्याच अंशी माणसाच्या हाती असते. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील इक्रिसॅट संस्थेने काळ्या जमिनीसाठी रुंद वरंबा-सरी पद्धत विकसित केली. तिच्यामुळे जास्तीचे पाणी सरीतून निघून जाते आणि पिकाच्या मुळाशी हवा राहते. तिला अवजार लागते, चर लागतात, आणि एका शेतातून निघालेले पाणी दुसऱ्याच्या शेतात न जाता ओढ्यापर्यंत पोहोचावे म्हणून गावाची सामायिक व्यवस्था लागते. हे एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातले नाही. बुजलेले ओढे आणि नाले मोकळे करणे हे रोजगार योजनेतून होणारे काम आहे. उजनी धरणातून आणि सीनेतून येणारे पाणी केव्हा व किती सोडले जाणार, हे भीमाकाठच्या गावांना आधी कळवणे हे दोन राज्यांच्या समन्वयाचे काम आहे. २०१९ च्या कृष्णेच्या महापुरात कोल्हापूर, सांगली आणि बेळगाव हे तिन्ही जिल्हे बुडाले. पुराला राज्याची सीमा दिसत नाही, हे तेव्हाच पुरेसे स्पष्ट झाले होते.

दुसरा आक्षेप पैशाचा. सर्वांना मदत द्यायला पैसा आणायचा कोठून? तूर परदेशातून विनाशुल्क आणण्याची मुदत ३१ मार्च २०२६ पर्यंत वाढवली गेली, आणि २०२५ मध्ये बाजारातील तूर हमीभावाच्या खाली गेली, तेव्हा शेतकऱ्याच्या खिशातून किती पैसा गेला याचा हिशेब कोणी मागितला नाही. भिजलेला शेतमाल ओलाव्याच्या कारणाने खरेदी केंद्रावर नाकारला जातो. नोव्हेंबर २०२४ मध्ये महाराष्ट्राची विधानसभा निवडणूक तोंडावर आली तेव्हा मात्र सोयाबीनची ओलाव्याची मर्यादा १२ वरून १५ टक्क्यांवर नेता आली. नियम लवचिक असतात. ते कोणाच्या दबावाने वाकतात, एवढाच प्रश्न उरतो.

काय मागावे, काय करावे

या साऱ्यातून मागण्या स्पष्ट होतात. पहिली, साप्ताहिक पीक अहवालात पेऱ्याबरोबरच पाणी साचलेले क्षेत्र, दुबार पेरणी, पिवळे पडलेले व रोगग्रस्त पीक आणि बुडालेले मजुरीचे दिवस यांचे ग्रामपंचायतनिहाय रकाने असावेत. दुसरी, पर्जन्यमापकाने ठरावीक मर्यादेपलीकडचा सलग पाऊस नोंदवताच पंचनाम्याची वाट न पाहता अंतरिम मदत मिळावी. तिसरी, ३३ टक्क्यांची अट आणखी खाली आणून मदतीचा दर उत्पादन खर्चाशी जोडावा. चौथी, खंडाने व बटाईने कसणाऱ्याची हंगामी नोंद ग्रामसभेने करावी आणि मदत त्याच्या हाती पडावी. पाचवी, बाधित पंचायतीतील प्रत्येक शेतमजूर कुटुंबाला बुडालेल्या मजुरीची भरपाई मिळावी आणि अशा पंचायतीत रोजगाराची कामे एक दिवसही बंद राहू नयेत.

मागण्या कागदावर राहिल्या तर त्यांची गत पेऱ्याच्या आकड्यासारखीच होईल. बिदर, भालकी, औराद आणि बसवकल्याण या मराठी बोलणाऱ्या तालुक्यांत, बेळगाव-निपाणीत, सोलापूर-धाराशिवच्या सीनाकाठी आणि मराठवाड्यात, सभासदांनी येत्या खरिपाच्या आरंभीच गावागावांतून खंडकरी आणि शेतमजुरांच्या याद्या तयार कराव्यात आणि त्या ग्रामसभेत वाचून दाखवाव्यात. नुकसान झाल्यावर केलेली यादी संशयाने पाहिली जाते. पेरणीच्या वेळी केलेली यादी नाकारणे तहसीलदाराला कठीण जाते. पावसाच्या प्रत्येक आठवड्यात कोणत्या शिवारात किती दिवस पाणी होते आणि किती मजुरांचा रोज बुडाला, याची वही गावात ठेवावी. बंगळूर, पुणे आणि मुंबईतील बांधकाम कामगारांच्या संघटनांनी आपल्या वस्त्यांत आलेल्यांकडून त्यांच्या गावाची आणि पिकाची माहिती गोळा करून ती किसान सभेच्या कार्यकर्त्यांकडे पोहोचवावी.

खेड्याच्या शेतकऱ्यांनी १९१८ मध्ये कलेक्टरच्या आणेवारीपुढे स्वतःची आणेवारी मांडली होती. त्यासाठी गावोगाव फिरून शेते पाहिली गेली, आकडे गोळा झाले, आणि मगच सारा न भरण्याचा निर्धार टिकू शकला. येत्या हंगामात कष्टकऱ्यांचा हिशेब कष्टकऱ्यांनीच लिहायला घेतला पाहिजे. मृगाच्या आधी वही आणि यादी तयार असेल, तर श्रावणातील पावसानंतर सरकारपुढे हात पसरण्याऐवजी पुरावा घेऊन उभे राहता येईल.